लघुप्रमाण रेडिओ-नियंत्रित शर्यतीच्या मोटारी : जुळणी, समायोजन आणि ग्रामीण महाविद्यालयातील प्रायोगिक शिक्षण

प्रस्तावना :

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर हे पैनगंगेच्या खोऱ्यात, सहस्रकुंड धबधब्याच्या जवळ वसलेले गाव होय. विदर्भ आणि तेलंगणा यांच्या सीमा येथून दूर नाहीत. अभियांत्रिकी शिक्षणाची सोय मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. नांदेड येथील श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून कार्यरत आहे. इस्लापूरसारख्या गावातील पदवी महाविद्यालयात सामान्यतः कार्यशाळा नसते. विज्ञान शाखेची प्रयोगशाळा असते, पण तेथील बहुतेक प्रयोगांची उत्तरे आधीच ठाऊक असतात. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे मूल्य किती यावयास हवे हे विद्यार्थ्याला माहीत असते. त्यामुळे निरीक्षणे उत्तराला जुळवून लिहिण्याची सवय त्याला लागते. ही सवय केवळ विद्यार्थ्याचा दोष नसून प्रयोगाच्या स्वरूपातच तिचे मूळ आहे.

या पार्श्वभूमीवर लहान आकाराच्या रेडिओ-नियंत्रित शर्यतीच्या मोटारींचा विचार करणे उपयुक्त ठरते. वरकरणी ही वस्तू खेळण्यासारखी दिसते. परंतु ती वेगाने, सरळ आणि न उलटता धावावी यासाठी जे समायोजन करावे लागते ते गतिशास्त्र, विद्युतशास्त्र आणि संख्याशास्त्र या तिन्ही विषयांना स्पर्श करते. विशेष म्हणजे त्या समायोजनाचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या शेवटी दिलेले नसते. प्रस्तुत लेखात या मोटारींच्या जुळणीची व समायोजनाची तत्त्वे स्पष्ट करून ग्रामीण महाविद्यालयातील प्रायोगिक शिक्षणाच्या दृष्टीने त्यांची उपयुक्तता तपासण्यात आली आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी :

दुरून, तारेवाचून वाहन चालविण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींनी चालणारी लहान नौका लोकांना दाखविली. रेडिओ-नियंत्रित मोटारी बाजारात येण्यास मात्र १९६० चे दशक उजाडावे लागले. इटलीतील एल-जी या कंपनीने १९६६ मध्ये फेरारीची १:१२ प्रमाणातील मोटार आणली. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ या मोटारीची प्रतिकृती विक्रीस काढली आणि हा छंद सर्वदूर पसरला. १९७९ मध्ये जागतिक स्पर्धांचे नियमन करणारा 'इफमार' हा महासंघ स्थापन झाला. १९९९ मध्ये जपानच्याच क्योशो कंपनीने 'मिनी-झी' ही तळहातावर मावणारी, सुमारे १:२८ प्रमाणातील मालिका आणली. तिच्यामुळे शर्यत मैदानातून खोलीत आली.

महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने तंत्रशिक्षण संस्थांच्या महोत्सवांतून रुजला. आयआयटी मुंबईच्या, १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'टेकफेस्ट' महोत्सवात इंधनावर चालणाऱ्या रेडिओ-नियंत्रित मोटारींची 'फुल थ्रॉटल' ही स्पर्धा घेण्यात आलेली आहे. मात्र या स्पर्धांतील सहभाग बहुतांशी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा राहिला. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांपर्यंत हा प्रवाह फारसा पोहोचला नाही.

२. मोटारीची रचना व नियंत्रण :

अशा मोटारीचे मुख्य भाग पाच : सांगाडा म्हणजे चासिस, विद्युत मोटर, बॅटरी, वेग-नियंत्रक आणि सुकाणू फिरविणारा सर्वो. चालकाच्या हातातील प्रक्षेपकाकडून संदेश येतो व मोटारीतील ग्राहक तो सर्वोला व वेग-नियंत्रकाला देतो. स्वस्त खेळण्यात सुकाणू पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे एवढेच फिरते. शर्यतीच्या मोटारीत ते प्रमाणशीर असते, म्हणजे हात जेवढा फिरेल तेवढेच चाक वळते. यासाठी प्रचलित पद्धतीत दर सेकंदाला सुमारे ५० स्पंद पाठविले जातात. स्पंदाची लांबी १.५ मिलिसेकंद असता सर्वो मध्यावर राहतो. ती १ मिलिसेकंदाकडे गेली की तो एका बाजूला व २ मिलिसेकंदांकडे गेली की दुसऱ्या बाजूला फिरतो.

पूर्वी २७ मेगाहर्ट्झसारख्या वारंवारितेवर चालणाऱ्या दोन मोटारी एकाच स्फटिकावर आल्या की एकाचा संदेश दुसऱ्याची मोटार घेई. आता २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील संचात प्रत्येक प्रक्षेपक आपल्याच ग्राहकाशी बांधला जातो. भारतात या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट मिळाली आहे.

सामान्यतः दोन आकार शैक्षणिक उपयोगाचे आहेत. १:१० प्रमाणातील मोटारीचे वजन सुमारे १.४ किलोग्रॅम असते व तिला उघडे सिमेंटचे किंवा डांबरी पटांगण लागते. १:२८ प्रमाणातील मोटार २०० ग्रॅमच्या आसपास असते. तिच्यासाठी रिकामी वर्गखोली पुरते.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. १:१० ची मोटार ताशी ६० किलोमीटर धावली म्हणजे ती 'ताशी ६०० किलोमीटर' वेगाच्या बरोबरीची झाली, असे सांगितले जाते. गुरुत्वत्वरण मोटारीबरोबर लहान होत नाही. त्यामुळे गतिशास्त्रीय तुलना लांबीच्या वर्गमूळाने करावी लागते. दहाचे वर्गमूळ सुमारे ३.१६ असल्याने तो वेग ताशी १९० किलोमीटरच्या तोडीचा ठरतो. त्याच प्रमाणात घटनाही सुमारे तिपटीने लवकर घडतात. लहान मोटार एवढी चंचल का वाटते, याचे उत्तर यात आहे.

३. पकडीचे शास्त्र :

मोटारीवर येणारे वेगवाढीचे, थांबण्याचे व वळण्याचे बळ अखेर चार चाकांच्या जमिनीला टेकलेल्या चार लहान ठिपक्यांतूनच येते. म्हणून समायोजन म्हणजे या चार ठिपक्यांवरील भाराचे व पकडीचे वाटप होय.

सपाट वळणावरील कमाल वेग हा घर्षणांक, गुरुत्वत्वरण व वळणाची त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाइतका असतो. त्रिज्या २ मीटर व घर्षणांक १ असेल तर हा वेग सेकंदाला ४.४३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६ किलोमीटर येतो. पटांगणावर धूळ साचून घर्षणांक ०.६ झाला तर तोच वेग ताशी सुमारे १२ किलोमीटरवर उतरतो. या सूत्रात वस्तुमान येत नाही. मग वजन व त्याचे वाटप यांना महत्त्व का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतो.

याचे उत्तर रबराच्या गुणधर्मात आहे. रबरी टायरवरील भार दुप्पट केला तरी पकड पूर्ण दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. वळताना भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकतो. बाहेरील चाकाला जेवढी पकड मिळते तिच्यापेक्षा आतील चाक अधिक गमावते. म्हणून भार जेवढा अधिक सरकेल तेवढी एकूण पकड घटते.

हे भारांतरण मोजता येते. १४०० ग्रॅमच्या मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २५ मिलिमीटर व दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर १६५ मिलिमीटर मानू. गुरुत्वत्वरणाएवढे पार्श्व त्वरण असता १४०० गुणिले २५ भागिले १६५, म्हणजे सुमारे २१२ ग्रॅम भार सरकतो. प्रत्येक बाजूस ७०० ग्रॅम असलेला भार बाहेर ९१२ व आत ४८८ असा होतो. बॅटरी उंच बसवून गुरुत्वमध्य ४० मिलिमीटरवर नेला तर हेच आकडे १०३९ व ३६१ होतात. बॅटरी शक्य तितकी खाली का ठेवावी, हे यावरून स्पष्ट होते.

पुढील-मागील तोलाची कल्पना या भागातील विद्यार्थ्याला नवी नाही. बैलगाडीत मागे माल अधिक झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे अधिक झाला की जू बैलांच्या मानेवर दाबते. गाडीवान पोती पुढे-मागे सरकवून तोल साधतो. लघुमोटारीतही हेच करावयाचे असते. फरक इतकाच की येथे तोल ग्रॅममध्ये मोजून वहीत नोंदविता येतो.

पुढील चाकांची पकड आधी सुटली तर सुकाणू फिरवूनही मोटार सरळ रेटत जाते. यास अंडरस्टीअर म्हणतात. मागील चाकांची पकड आधी सुटली तर मोटारीची शेपटी फिरते व ती गिरकी घेते. हा ओव्हरस्टीअर होय. समायोजनाचा बहुतांश भाग या दोन टोकांमधील योग्य जागा शोधण्यात खर्च होतो.

४. समायोजनाचे प्रमुख घटक :

(अ) टायर : टायर हा सर्वांत प्रभावी घटक आहे. टायर पृष्ठभागाला अनुरूप नसेल तर इतर कोणतेही समायोजन ती उणीव भरून काढीत नाही. मऊ रबर थंड व गुळगुळीत पृष्ठभागावर चांगली पकड देते, परंतु तापलेल्या सिमेंटवर लवकर झिजते. प्रत्येक फेरीपूर्वी टायर पुसण्याची साधी शिस्तही मोजण्याजोगा फरक घडविते.

(आ) चाकांची कोनरचना : चाकाचा वरचा भाग किंचित आत झुकविणे यास ऋण कॅम्बर म्हणतात. १:१० च्या मोटारीत १ ते २ अंशांपासून प्रारंभ करणे योग्य होय. कॅम्बर बरोबर आहे की नाही हे टायरच सांगते, कारण योग्य कोनात झीज संपूर्ण रुंदीवर सारखी होते. चाकांची पुढील टोके आत वळलेली असणे म्हणजे टो-इन. मागील चाकांना २ ते ३ अंश टो-इन दिल्यास मोटार सरळ मार्गावर स्थिर राहते, परंतु ते अधिक झाल्यास रोध वाढून वेग घटतो.

(इ) उंची, स्प्रिंग व डॅम्पर : सांगाडा जमिनीपासून साधारण ५ मिलिमीटर उंच ठेवला जातो. तो जमिनीला घासला तर त्या क्षणी चाकांवरील भार कमी होऊन पकड सुटते. एकूण भारांतरण गुरुत्वमध्याची उंची व चाकांतील अंतर यांवर ठरते. मात्र ते पुढील व मागील चाकांत कसे वाटले जावे, हे स्प्रिंग व अँटी-रोल बार ठरवितात. ज्या टोकाची स्प्रिंग अधिक कडक, त्या टोकाला भारांतरणाचा मोठा वाटा येतो व त्या टोकाची पकड तुलनेने कमी होते. म्हणून अंडरस्टीअर असल्यास पुढील स्प्रिंग मऊ किंवा मागील कडक करून पाहावी. ओव्हरस्टीअर असल्यास याच्या उलट करावे. डॅम्परमधील सिलिकॉन तेल हे भार किती त्वरेने सरकेल ते ठरविते. उष्णतेने तेल पातळ होते, त्यामुळे सकाळी जुळविलेली मोटार दुपारी वेगळी वागू शकते.

(ई) तिरका तोल : खोलीतील बाजेचा एक पाय आखूड असला की ती दोन विरुद्ध कोपऱ्यांवर डुलते. मोटारीतही हा दोष येतो. चार चाकांखाली चार सारखे डिजिटल वजनकाटे ठेवून तो पकडता येतो. समजा, पुढे डावीकडे ३६५, उजवीकडे ३१५ आणि मागे डावीकडे ३३५, उजवीकडे ३८५ ग्रॅम असे वाचन आले. डावी बाजू ७०० व उजवी बाजू ७०० असल्याने मोटार समतोल भासते. परंतु एका कर्णावर ७५० व दुसऱ्यावर ६५० ग्रॅम भार आहे. अशी मोटार डाव्या व उजव्या वळणावर वेगवेगळी वागते आणि चालक स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. जड कर्णावरील स्प्रिंगचा पूर्वदाब थोडा कमी करून किंवा हलक्या कर्णावरील वाढवून हा दोष दूर करता येतो.

(उ) दंतचक्रांचे गुणोत्तर : मोटरवरील लहान चक्र म्हणजे पिनियन आणि त्याला जोडलेले मोठे चक्र म्हणजे स्पर. स्परला १०० व पिनियनला ४० दाते आणि पुढील अंतर्गत गुणोत्तर २ असल्यास अंतिम गुणोत्तर ५ येते. ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर, दर व्होल्टला मिनिटास ३५०० फेरे घेणारी मोटर भाराशिवाय २५,९०० फेरे घेते. चाक ५,१८० फेरे घेईल. ६३ मिलिमीटर व्यासाच्या टायरसाठी सैद्धांतिक वेग ताशी ६१.५ किलोमीटर येतो. पिनियनचे दाते ३८ केल्यास तो ५८.४ आणि ४२ केल्यास ६४.६ किलोमीटर होतो. प्रत्यक्ष वेग याहून कमी राहतो. मोठ्या पिनियनने सरळ मार्गावरील वेग वाढतो, पण वळणानंतरची उचल मंदावते व मोटर अधिक तापते. मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात तापमान ४० अंशांपलीकडे जात असल्याने येथे एक-दोन दाते कमी ठेवणे शहाणपणाचे ठरते.

(ऊ) बॅटरी : १:२८ च्या मोटारीत चार निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरता येतात. त्यांचा एकत्रित दाब ४.८ व्होल्ट असतो. मोठ्या मोटारीतील दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भारित असता ८.४ व्होल्ट देते. ती प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये व साठविताना सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी. फुगलेली किंवा टोचलेली बॅटरी पेट घेऊ शकते. म्हणून तिचे भारण शिक्षकाच्या देखरेखीखाली, ज्वलनशील वस्तूंपासून दूर आणि योग्य चार्जरनेच व्हावे. यात तडजोड करू नये.

५. समायोजनाची पद्धत :

वरील घटक एकमेकांत गुंतलेले असतात. एकाच वेळी स्प्रिंग, टायर व पिनियन बदलून मोटार वेगवान झाली तर कशामुळे झाली हे कळत नाही, आणि मंद झाली तरीही कळत नाही. म्हणून प्रथम एक मूळ जुळणी निश्चित करून ती कागदावर नोंदवावी. नंतर एका वेळी एकच बदल करावा. ठरावीक फेऱ्यांच्या वेळा घ्याव्यात आणि अखेरीस मूळ जुळणीवर परत येऊन वेळा पुन्हा घ्याव्यात. परतल्यावर मूळ वेळा मिळाल्या नाहीत तर फरक बदलामुळे नसून पृष्ठभाग, बॅटरी किंवा चालकाचा सराव यांमुळे आहे, असे समजावे.

नोंदी वाचतानाही सावधगिरी हवी. समजा, बदलापूर्वी पाच फेऱ्यांना १२.४, १२.९, १२.५, १३.१ व १२.६ सेकंद लागले आणि बदलानंतर १२.१, १३.४, १२.२, १३.८ व १२.३ सेकंद लागले. सर्वोत्तम फेरी १२.४ वरून १२.१ वर आली. मध्यकही १२.६ वरून १२.३ वर आला. यावरून बदल यशस्वी झाला असे वाटते. परंतु पाच फेऱ्यांची बेरीज ६३.५ वरून ६३.८ सेकंद झाली आहे. मोटार वेगवान झाली, पण हाताबाहेर जाऊ लागली. शर्यत एका फेरीवर नव्हे तर ठरलेल्या वेळेतील एकूण फेऱ्यांवर जिंकली जाते. सरासरी, मध्यक व विचलन यांतील भेद विद्यार्थ्याला फळ्यावर जितका पटत नाही तितका तो येथे पटतो.

या पद्धतीत नोंद खोटी लिहिण्याचे प्रयोजनच उरत नाही. वहीत १२ सेकंद लिहिल्याने मोटार १२ सेकंदांत धावत नाही. चुकीची नोंद दुसऱ्याच दिवशी आपल्याच गटाची दिशाभूल करते. प्रामाणिक निरीक्षणाचे महत्त्व उपदेशावाचून कळावे, असे प्रसंग पदवी अभ्यासक्रमात फार थोडे येतात.

६. स्थानिक परिस्थितीतील विचार :

या भागातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. तिच्यावर कायम धावपट्टी टिकत नाही. बाहेर धावपट्टी करावयाची झाल्यास मुरूम टाकून दाबून घ्यावा किंवा खेळाचे सिमेंट पटांगण झाडून वापरावे. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर लहान मोटार उसळते, म्हणून तेथे पातळ गालिचा ताणून बसविणे बरे. वळणे आखण्यासाठी पाण्याच्या जुन्या नळीचे तुकडे चालतात. वेळ मोजण्यासाठी मोबाईलमधील घड्याळ प्रारंभी पुरेसे होय. मात्र हाताने घेतलेल्या वेळेत येणारी त्रुटी हाच विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र प्रयोग ठरू शकतो.

सर्वांत अडचणीची बाब सुट्या भागांची आहे. तुटलेला भाग गावात मिळत नाही. परंतु गावातील सायकल दुरुस्तीचा कारागीर, दुचाकीचा मिस्त्री व सुतार यांच्याकडे चाक सरळ करण्याचे, खेळ काढण्याचे आणि तोल पाहण्याचे पिढीजात ज्ञान असते. त्यांना एखाद्या दिवशी महाविद्यालयात सन्मानाने बोलाविल्यास सुट्या भागांची अडचण काही अंशी सुटते आणि आपल्या घरातील कौशल्य हेही ज्ञान आहे याची जाणीव विद्यार्थ्यांना होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कौशल्याधारित अभ्यासक्रमांवर दिलेला भर पाहता अशा उपक्रमास औपचारिक स्थान देणेही अशक्य नाही.

काम एकट्या भौतिकशास्त्र विभागाचे नाही. वेळांचे विश्लेषण संख्याशास्त्राचे, खर्चाचा ताळेबंद वाणिज्य शाखेचा, धावपट्टी व पंचगिरी क्रीडा विभागाची आणि मराठीतून समायोजन-पत्रक तयार करणे भाषा विभागाचे, अशी वाटणी करता येते. चालक, मिस्त्री, वेळनोंदक व लेखनिक या भूमिका दर आठवड्याला बदलाव्यात. अन्यथा प्रक्षेपक एकाच धीट विद्यार्थ्याच्या हाती राहतो आणि विद्यार्थिनींच्या वाट्याला केवळ वही येते.

निष्कर्ष :

१. लघुप्रमाण शर्यतीच्या मोटारीचे समायोजन म्हणजे चार चाकांवरील भाराचे व पकडीचे नियोजनबद्ध वाटप होय.
२. टायर, गुरुत्वमध्य व तिरका तोल यांची पूर्तता झाल्यावरच स्प्रिंग, कोन व दंतचक्रे यांतील सूक्ष्म बदल फलदायी ठरतात.
३. एका वेळी एकच बदल, पुनरावृत्त मापन व मूळ जुळणीवर परतणे ही पद्धत प्रायोगिक विज्ञानाचीच पद्धत आहे.
४. सर्वोत्तम फेरीपेक्षा सातत्य महत्त्वाचे, हे तत्त्व या प्रयोगातून प्रत्यक्ष अनुभवास येते.
५. कार्यशाळा नसलेल्या ग्रामीण महाविद्यालयात १:२८ प्रमाणातील एक-दोन मोटारी, चार वजनकाटे व एक वही एवढ्या साधनांवर हा उपक्रम सुरू करता येतो.

इस्लापूरच्या विद्यार्थ्याने जागतिक शर्यत जिंकावी, ही अपेक्षा येथे नाही. उत्तर आधी ठाऊक नसलेला एक तरी प्रश्न त्याने स्वतः मोजून सोडवावा आणि आलेले उत्तर जसेच्या तसे लिहावे, एवढी अपेक्षा मात्र निश्चितच बाळगता येते. ती पूर्ण झाल्यास खेळणे म्हणून बाजूला ठेवलेल्या या मोटारीने प्रयोगशाळेचे काम केले, असे म्हणावे लागेल.